कोर्टात ‘आय’ म्हटलं म्हणून

१९९३ सालची गोष्ट. स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात किल्मारनॉक नावाचं गाव आहे. तिथल्या शेरिफ कोर्टात एका माणसाला प्रश्न विचारला गेला आणि त्याने उत्तर दिलं, ‘आय’. आय म्हणजे तिथल्या स्कॉट्स भाषेत हो. त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या लोक ‘हो’ला असंच म्हणत आले आहेत. पण शेरिफला ‘येस’ किंवा ‘नो’ ऐकायचं होतं. (शेरिफ म्हणजे तिथला न्यायाधीश, घोड्यावरचा, कमरेला पिस्तूल लावलेला नव्हे.) समज देऊनही तोंडातून पुन्हा ‘आय’च आलं, तेव्हा कोर्टाचा अवमान केला म्हणून त्याला कोठडीत बसवण्यात आलं. त्या बिचाऱ्याच्या लेखी तो विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच देत होता.

गंमत अशी की स्कॉट्समध्ये लिहिणारा स्कॉटलंडचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याच्या कवितांचं पहिलं पुस्तक छापलं गेलं ते याच किल्मारनॉकमध्ये, १७८६ साली. आजही दर २५ जानेवारीला, त्याच्या जन्मदिनाच्या मेजवान्यांत, अख्खं स्कॉटलंड त्याच्या कविता म्हणतं, त्यात न्यायाधीश आणि सरकारी अधिकारीही आले. म्हणजे स्कॉट्स भाषा कवितेला चालते, मेजवानीला चालते, साक्षीला मात्र चालत नाही. आपल्याकडेही बोलीचं साधारण असंच असतं. विनोदी नाटकात नोकराच्या तोंडी चालते, ग्रामीण कथेत चालते, लग्नाच्या गाण्यांत तर हवीच असते. अर्ज लिहायची वेळ आली की तिला घरी ठेवून यायचं.

२०२५ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने भाषाविषयक कायदा मंजूर केला आणि गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. तेव्हापासून एक जुना वाद पुन्हा तापला आहे: सरकारने आपली माहिती, म्हणजे कराची पत्रकं, दवाखान्यातल्या सूचना, मतदानाचे नियम, स्कॉट्समध्ये आणि तिच्या प्रादेशिक बोलींमध्ये छापावी का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण ज्या कारणासाठी ते सहसा दिलं जातं ते कारण मला पटत नाही, आणि सरसकट सगळं छापावं असंही मी म्हणणार नाही.

आधी एक घोळ निस्तरून घेऊ. स्कॉट्स आणि गेलिक या दोन वेगळ्या भाषा आहेत. गेलिक केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. इंग्रजी बोलणाऱ्याला तिचं अक्षर कळत नाही. स्कॉट्स ही इंग्रजीची चुलत बहीण, दोघींचं आजोळ एकच. घर म्हणजे ‘हूस’, लेकरू म्हणजे ‘बेअर्न’, ठाऊक असणं म्हणजे ‘केन’. २०२२ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं. गेलिक बोलणारे त्या वेळी ७० हजारांच्या आत-बाहेर होते. तरी गेलिकसाठी २००५ पासून स्वतंत्र कायदा आहे, मंडळ आहे, बीबीसीची वाहिनी आहे. स्कॉट्सच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही.

कारण साधं आहे. परकी भाषा मान मिळवते, जवळची भाषा मार खाते. जिचं काहीच कळत नाही तिला लोक भाषा म्हणतात. जिचं ऐंशी टक्के कळतं तिला ‘बिघडलेलं इंग्रजी’ म्हणतात. मराठी माणसाने इथे जरा आपल्याच घरात डोकावावं. कोकणी ही मराठीची बोली आहे, हे आपल्यातल्या भल्याभल्यांनी किती ठासून सांगितलं होतं! १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र साहित्यभाषा मानलं, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात गेली. यातल्या कोणत्याही टप्प्याने मराठीचं वाईट झालं नाही. पण तेव्हाचे अग्रलेख वाचले तर वाटावं की घर फुटलं.

आता विरोधकांचा मुख्य मुद्दा. स्कॉटलंडमध्ये इंग्रजी न वाचता येणारा स्कॉट्सभाषक शोधून सापडणार नाही. मग ज्यांना आधीच कळतं त्यांच्यासाठी पुन्हा छापायचं कशाला? हा मुद्दा खरा आहे. स्कॉट्सच्या बाजूने बोलणारे इथे गडबडतात, ‘लोकांना माहिती मिळायला हवी’ वगैरे म्हणू लागतात आणि उघडे पडतात. उलट त्या मुलखातल्या माणसाला स्कॉट्समधला मजकूर इंग्रजीपेक्षा सावकाशच वाचता येतो, कारण शाळेत त्याला ती कधी वाचायला शिकवलीच नाही. माहिती पोचवणं एवढाच हेतू असेल तर इंग्रजी पुरेशी आहे, हे सरळ कबूल करून टाकावं.

मग उरतं काय? २०१० मध्ये स्कॉटलंड सरकारने एक पाहणी केली होती. ८५ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही थोडीफार तरी स्कॉट्स बोलतो. आणि ६४ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला ती खरं तर भाषा वाटत नाही, बोलायची एक तऱ्हा वाटते. म्हणजे बोलतो ती भाषा नाही असं मानणारी माणसं बहुसंख्य. हे आपसूक होत नाही, करावं लागतं. आणि स्कॉटलंडमध्ये ते कोणी केलं याचा माग काढता येतो.

१४२४ पासून पुढे स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे स्कॉट्समध्येच लिहिले जात होते. जमीन, दंड, वजनमापं, धर्म, सगळं. तेव्हा ती बोली नव्हती, एका राज्याची भाषा होती. मग धर्मसुधारणेच्या काळात बायबल आलं ते इंग्रजीत. १६०३ मध्ये राजा इंग्लंडचाही राजा होऊन लंडनला गेला. १७०७ मध्ये संसदही विसर्जित झाली. त्यानंतर एडिनबरोच्या शिकलेल्या वर्गाला आपल्या बोलण्याची लाज वाटू लागली. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञाने कोणते स्कॉटिश शब्द आणि वाक्प्रयोग टाळावेत याची यादी छापली. पुढे सरकारी शाळा आल्या आणि वर्गात घरची भाषा बोलणाऱ्या पोरांच्या हातावर चामड्याचे पट्टे बसले. त्या साखळीतलं एक उशिराचं टोक म्हणजे किल्मारनॉकचं कोर्ट.

थोडक्यात, ही लाज सरकारदरबारी तयार झालेली आहे. कोर्ट, शाळा आणि छापील कागद या तीन ठिकाणी. जिथे ती तयार झाली तिथेच ती उतरवावी लागेल, कविसंमेलनात उतरणार नाही. सरकारी कागदावर स्कॉट्स हवी ती यासाठी. कोणाला माहिती मिळावी म्हणून नाही, तर सरकारने आपलाच जुना निवाडा मागे घेतला हे दिसावं म्हणून.

याच्या विरोधात जाणारं एक उदाहरण आहे आणि ते दडवून चालणार नाही. स्वित्झर्लंडच्या जर्मन भागात सगळे सरकारी कागद प्रमाण जर्मनमध्ये असतात. बोलीत सरकार जवळपास काही छापत नाही. तरी तिथली बोली ठणठणीत आहे. मग कागदाची गरज काय? मला वाटतं, उत्तर त्या देशाच्या बँकेत आणि दवाखान्यात गेल्यावर मिळतं. तिथला मंत्री, डॉक्टर, प्राध्यापक आणि बसचा ड्रायव्हर चौघेही तीच बोली बोलतात आणि कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. तिथे लाज कधी पेरलीच गेली नाही, म्हणून उपटायचीही गरज नाही. एडिनबरोतला वकील जर कोर्टात बिनधास्त ‘आय’ म्हणत असता, तर स्कॉट्स पत्रकांचा आग्रह मीही धरला नसता.

दुसरी हरकत असते ती ‘कोणती स्कॉट्स?’ ही. ॲबरडीनकडची डोरिक वेगळी. ‘कसा आहेस?’ याला तिथे ‘फिट लाइक?’ म्हणतात, इंग्रजी ‘व्हॉट’मधल्या ‘व्ह’च्या जागी तिथे ‘फ’ येतो. त्याहून झकास म्हणजे ‘फूज यर डूज?’, शब्दशः ‘तुझी कबुतरं कशी आहेत?’, आणि त्याचं ठरलेलं उत्तर ‘आय पेकिन’, म्हणजे ‘टिपताहेत दाणे’. (हे ‘आय’ म्हणजे ‘नेहमी’, शब्द वेगळा, उच्चार जवळचा.) ग्लासगोचं बोलणं वेगळं, शेटलंड बेटांवरचं तर फारच वेगळं. शिवाय शुद्धलेखन ठरलेलं नाही. आधी एक प्रमाण रूप ठरवा, मग छापा, असं सांगितलं जातं. वरवर ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आधी पोहायला शीक, मग पाण्यात उतर, त्यातलं हे शहाणपण.

पेशव्यांचं दफ्तर पाहा. लाखो कागद, बहुतेक मोडीत. त्या लिपीत इ-उचे ऱ्हस्वदीर्घ वेगळे काढायची रीतच नव्हती. एकच शब्द एकाच कारकुनाने दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. त्यावाचून ना वसुली अडली ना मोहीम. मराठीच्या लेखनाचे सध्याचे नियम साहित्य महामंडळाने केले आणि सरकारने स्वीकारले ते १९६२ मध्ये. तोवर काय मराठीत सरकारी नोटीस निघत नव्हती? प्रमाण रूप वापरातून, छपाईतून, हुज्जतीतून घडतं. जुन्या स्कॉटिश संसदेचे कायदेही शुद्धलेखनाच्या बाबतीत असेच मनमौजी होते आणि लोक त्या कायद्यांखाली फासावर जातच होते.

आणि ॲबरडीनमधलं पत्रक डोरिकमध्ये, शेटलंडमधलं शेटलंडीत असायला काय हरकत आहे? नॉर्वे हे करून बसला आहे. तिथे नॉर्वेजियनची लिहायची दोन अधिकृत रूपं आहेत. त्यातलं ‘नीनोर्स्क’ हे एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या बोलींवरून उभं केलेलं. ते वापरणारे अल्पसंख्य आहेत. तरी १८८५ पासून दोन्ही रूपांना समान दर्जा आहे आणि १९८० च्या कायद्याने सरकारी खात्यांवर असं बंधन घातलं की कोणत्याही एका रूपाचा वापर २५ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. आपल्या ग्रामपंचायतीने कोणतं रूप वापरायचं ते गाव ठरवतं. नॉर्वेत त्यावरून भांडणं होतात, पोरं दुसऱ्या रूपाच्या तासाला कुरकुरतात, पण राज्य चालतं. खर्चाचा मुद्दा मी यातच उरकतो. जो देश आपली रस्त्यावरची पाटी दोन तऱ्हांनी रंगवू शकत नाही त्याची अडचण पैशाची नसते.

तिसरी हरकत मात्र मला गंभीर वाटते, आणि ती स्कॉट्सच्या मित्रांनीच ओढवून घेतली आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टर-स्कॉट्सला, म्हणजे स्कॉट्सच्या तिथल्या रूपाला, सरकारी आधार मिळाला. त्यात भाषाप्रेमाइतकंच राजकारण होतं: एका समाजाला आयरिश मिळते, मग आम्हालाही काहीतरी हवं. तिथल्या विधानसभेच्या कामकाजाची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयासाठी उपसंपादक हवा, अशी जाहिरात या भाषेत निघाली. त्यात त्या कार्यालयाचं नाव होतं ‘चॉमर ओ द स्क्रीव्हिट अकूंट’, म्हणजे लिहिलेल्या हकिकतीची खोली. तिथल्या अँट्रिम भागातल्या कुठल्या शेतकऱ्याने असा शब्दप्रयोग कधी उच्चारला होता? लोक खदाखदा हसले. आणि हसले ते अनुवादकाला नाही, भाषेला.

आपला १९६२ चा पदनाम कोश आठवावा. तेव्हा त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून टर उडवली गेली होती. पण आज ‘सचिव’, ‘आयुक्त’, ‘संचालक’ म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही. फरक कुठे पडला? मराठीला रोजची वर्तमानपत्रं होती, शाळा होत्या, कोट्यवधी वाचक होते. जड शब्द चघळून मऊ करणारे दात होते. अल्स्टर-स्कॉट्सच्या तोंडात दात यायच्या आधीच लोकांनी तिला ऊस दिला.

२०२० मध्ये याहून वाईट प्रकार उघडकीला आला. स्कॉट्स विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन पोराने लिहिलेले निघाले, आणि त्याला ती भाषा येत नव्हती. वाईट हेतूही नव्हता. शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी वाक्यातला एकेक शब्द बदलत तो वर्षानुवर्षं बसला होता. जगभरच्या वाचकांनी ते वाचून ठरवलं की ही काय भाषा, हे तर चुकीचं इंग्रजी! आता यंत्रच एका क्षणात भाषांतर करून देतं म्हटल्यावर सरकारी खात्यांना हाच मोह होणार. बटण दाबा, स्कॉट्स पत्रक तयार. असं पत्रक निघण्यापेक्षा न निघालेलं बरं.

म्हणून माझं म्हणणं: कमी छापा, पण बोलणाऱ्यांकडून लिहून घ्या. तीनशे पानी धोरण स्कॉट्समध्ये आणून कोणाचं भलं होणार नाही. ते इंग्रजीतही कोणी वाचत नाही. स्कॉटलंडच्या संसदेने आपलं गाऱ्हाणं संसदेपुढे कसं मांडावं याची एक छोटी पुस्तिका काढली होती. तिचं नावच ‘मॅकिन यर व्हॉइस हर्ड’ असं होतं. ती मला योग्य वाटते, कारण तिचा विषय लोकांनी बोलावं हाच आहे. आणि त्याच्याही आधी एक काम आहे जे फुकट होतं. सरकारने स्कॉट्समध्ये लिहिण्याआधी स्कॉट्समध्ये आलेलं स्वीकारावं. अर्ज, तक्रार, साक्ष, वर्गातलं उत्तर. नागरिकाने कशात बोलावं ते नागरिकाने ठरवावं आणि कारकुनाने ते निमूट नोंदवावं. आजही तिथल्या आमदाराला शपथ आधी इंग्रजीत घ्यावी लागते, मग हवी तर स्कॉट्समध्ये, डोरिकमध्ये पुन्हा म्हणता येते. इंग्रजीतली मोजली जाते, दुसरी ऐकून घेतली जाते.

मी हे सगळं लांबून लिहितो आहे, पण अगदीच परक्यासारखं नाही. माझं घर खानदेशातलं. दोन-तीन वर्षांपूर्वी मोठ्या मायला, म्हणजे आजीला, मोतिबिंदूच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात नेलं होतं. संमतीपत्रावर सही हवी होती. मी वाचून दाखवलं: ‘सदर शस्त्रक्रियेदरम्यान उद्भवू शकणाऱ्या संभाव्य गुंतागुंतीची मला पूर्ण कल्पना देण्यात आलेली आहे.’ ती म्हणाली, “गुंतागुंत म्हंजे काय? डोयामा दोरा टाकतीन का?” मी समजवायला गेलो आणि माझीच गुंतागुंत झाली. शेवटी तिथल्या एका नर्सबाई पुढे आल्या, आमच्याकडच्याच होत्या. खाटेवर टेकून म्हणाल्या, “माय, डोया लाल व्हई, पानी येई, दुखी, तं लगेच आठे येवानं.” आजीने मान हलवली आणि तीन अक्षरांची सही केली. कागद होता तो दवाखान्याच्या बचावासाठी. आजीची संमती त्या बाईंच्या एका वाक्यात होती आणि ती कुठेही नोंदली गेली नाही.

त्या दिवशी मला स्कॉटलंड आणि आपल्यातला फरक स्पष्ट झाला. तिकडचा प्रश्न मानाचा आहे, इकडचा समजण्याचा. २०११ च्या जनगणनेत खानदेशी (आमची अहिराणी तिच्यातच धरतात) ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून मोजली गेली, बोलणारे अठरा लाखांवर. पण अहिराणी माणसाला निदान अर्धीअधिक मराठी कळते. मेळघाटातल्या कोरकू आईचं काय? कोरकूचं मराठीशी कुळाचंही नातं नाही. पोषण आहाराचा तक्ता तिच्या दारावर मराठीत चिकटवून येणं म्हणजे माहिती दिली असं दाखवणं. तिथे ‘सगळ्यांना प्रमाण भाषा कळतेच की’ हा स्कॉटलंडमधला खरा युक्तिवाद साफ खोटा ठरतो. आपल्याकडचे काही जण मात्र तो जसाच्या तसा उचलतात.

शिवाय ज्यांना मराठी येते त्यांनाही सरकारी मराठी येत नाही, हे वेगळंच. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘यथास्थिती’, ‘सदरहू’. हे लिहिणारा अधिकारी घरी असं बोलत नाही. बोलीत लिहायचा एक मोठा फायदा मला असा वाटतो की तिच्यात ‘सदरहू’ म्हणताच येत नाही. डोळा लाल होईल, पाणी येईल, दुखेल. समोर माणूस धरल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. डोरिकमध्ये कराची नोटीस लिहायला बसलेल्या कारकुनालाही हीच अडचण येईल, आणि ती यावीच.

तसे स्कॉटलंडचे अधिकारी आजही नकळत स्कॉट्स लिहितातच. ‘च्या बाहेर’ या अर्थी ‘आउटविथ’ हा शब्द त्यांच्या गंभीरातल्या गंभीर इंग्रजी परिपत्रकात हटकून असतो. इंग्लंडच्या माणसाला तो अडतो आणि यांना वाटतं की तो शुद्ध इंग्रजी आहे.

आणि ते ‘आय’. लंडनच्या कॉमन्स सभागृहात मतदान होतं तेव्हा प्रस्तावाच्या बाजूचे सदस्य ‘येस’ म्हणत नाहीत. ते ‘आय’ म्हणतात, त्यांच्यासाठी दालन वेगळं असतं आणि मोजणी झाल्यावर सभापती ‘द आइज हॅव इट’ असं जाहीर करतात. स्कॉटलंडला पुन्हा स्वतःची संसद देणारा १९९८ चा कायदा तिथे याच शब्दाने मंजूर झाला. किल्मारनॉकच्या त्या कोठडीला तेव्हा पाच वर्षं झाली होती.